बट नंबर एकोणीस

कोतच्या दाराला दोन कुलुपं.
एक किल्ली झिबल नैताम हवालदाराच्या करदोट्याला,
दुसरी ठाणेदारांच्या खणात, सुपारीच्या डबीखाली.
दोन्ही एकत्र यायला अकरा वाजले.
पत्र्यावर धानोऱ्याचं ऊन तडतडत होतं.

त्यानं टेबलावर गोणपाट अंथरलं,
त्यावर तीन मांडली.
"घ्या मॅडम. हातात घ्या.
डोयानं नोका निवडू."

पहिलं कोरं करकरीत,
ग्रीसचा वास अजून अंगात.
मला तेच आवडलं,
आणि ते त्याला दिसलं.
"थे राहू द्या. त्याचा सुभाव नाई कळला अजून.
आपल्या इथं घाम, फुफाटा, पावसायात बुरशी.
दोनशे गोया मारल्याबिगर
मी त्याले चांगलं म्हणत नाई. वाईटबी नाई."

दुसरं रिव्हॉल्वर, सहा घरांचं.
"हे म्हशीवाणी. अडत नाई, पन ओढा जड."
माझी बोटं त्यानं पाहिली,
वैदूनं नाडी पाहावी तशी.
मी घोडा दाबला, रिकाम्यावर.
नळीचं तोंड खाली गेलं,
नव्या सुनेनं उंबऱ्याला वाकावं तसं.
तो काही बोलला नाही,
फक्त ते उचलून मागं ठेवलं.

तिसऱ्याच्या कडांवरचा काळा रंग उडालेला,
रोजच्या विळ्याची मूठ झिजते तसा.
बट नंबर एकोणीस.
माझ्या मुठीत ते बसलं,
करंगळीलाही जागा उरली.

त्याच्या मॅगझिनी तीन.
एकीच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका,
पोरीच्या बाटलीतला.
"पिस्तूल नाई अडत मॅडम, मॅगझीन अडते.
स्प्रिंग थकते, मानसावाणी.
ही सरावापुरती. ड्युटीवर नाई न्यायची."

मग त्यानं दोनशे पानी वही काढली.
पेन्सिलीनं लिहिलेलं :
एकोणीस नंबर, सहाशे बारा गोळ्या, अडलं : शून्य.
शून्याखाली खोडलेला एक.
मी त्यावर बोट ठेवलं.
"गोई ओली होती," तो म्हणाला.
"डब्बा मीच उघडा ठेवला होता.
माही चूक याच्या नावावर कायले मांडू?"

मंगळवारच्या बाजारात साध्या कपड्यांत फिरायचं होतं,
दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू कुठून येते ते पाहत.
म्हणून शेवंता लांजेवारीकडं कुर्ता टाकला :
कमरेला उजवीकडं दोन बोटं ढिला.
तिनं टेप थांबवला.
"कितवा महिना, बाई?"
नाही म्हटलं, फोन ठेवायचा असतो.
तिनं खडूनं रेघ ओढली, पुन्हा पुसली,
दोनाची तीन बोटं केली.
"फोन इतका जड नसते," म्हणाली,
आणि शिलाईचे पैसे आधीच मागितले.

बाजारात सुकटीचा वास, लाखोळीची पोती,
प्लास्टिकच्या टपांत मोहाची फुलं.
गर्दीत एका म्हातारीचं कोपर लागलं,
माझा हात लगेच कमरेवर गेला.
झिबल आठवला :
"हात सारखा तिथं नोका नेऊ.
पिस्तूल लपते. हात नाई लपत."
मी हात सोडवला
आणि उगाचच पावशेर वांगी घेतली,
त्याला काहीतरी काम हवं म्हणून.

संध्याकाळी कोतमध्ये
मॅगझीन काढली, चेंबर दाखवलं.
मी गोळ्या मोजल्या, त्यानं पुन्हा मोजल्या.
कुर्त्याच्या घामानं मूठ ओलसर होती,
ती त्यानं स्वतःच्या दुपट्ट्यानं पुसली,
पोराचं नाक पुसावं तशी,
जरा रागानं.
"आज काई?"
"काही नाही."
पेन्सिलीला टोक काढून
त्यानं तारखेपुढं शून्य लिहिलं,
मोठं, गोल.
मग पिशवीकडं पाहत विचारलं,
"वांगे कसे देल्ले?"